चिनी शब्दकोशात एक अक्षर शोधताना

गेल्या महिन्यात चौथीच्या वर्गात शब्दकोशाचा तास घेत होते. फळ्यावर पाच शब्द लिहिले, गटागटाला एकेक कोश दिला आणि म्हटलं, शोधा. पाच-सात मिनिटांनी एक मुलगी कोश छातीशी धरूनच माझ्याकडे आली. "बाई, ह्या पुस्तकात 'ज्ञान' नाहीच!"

मी विचारलं, "कुठे शोधलंस?"

"द मध्ये. सगळा द बघितला."

बरोबरच होतं तिचं. आपण बोलताना 'द्न्यान'च म्हणतो. कानाने जे ऐकलं ते घेऊन ती कोशाच्या दारात गेली आणि दार चुकलं. शेजारच्या वर्गातल्या बाई ऐकत होत्या, त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. कारण एकेकाळी मीसुद्धा अशीच चुकीच्या दारात उभी राहिले होते, आणि तेव्हा माझ्या हातात औषधाच्या दोन बाटल्या होत्या. ती गोष्ट आज तुम्हा शिक्षक-पालकांना सांगावीशी वाटते.

२००७ साली मिस्टरांची बदली चीनमध्ये झाली. शांघायजवळचं सुझोऊ शहर. मी बिनपगारी रजा घेतली आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन तिकडे गेले. बोलण्यापुरतं चिनी चार-सहा महिन्यांत जमू लागलं. भाजी, दूध, किती, नको, पुरे. पण वाचायचं म्हटलं की शून्य. शाळेत मुलांना वाचायला शिकवणारी मी, दुकानाची पाटीही वाचता येईना.

बाजारातून एक छोटा चिनी-इंग्रजी कोश आणला. घरी येऊन उघडला आणि लक्षात आलं, हा कोश मला वापरताच येत नाही!

आपल्या कोशात शब्द शोधायचा म्हणजे काय करतो? शब्द मनात उच्चारतो, पहिलं अक्षर धरतो, मग काना-मात्रा, मग पुढचं अक्षर. अ पासून ज्ञ पर्यंतचा क्रम पाठ असला की झालं. अर्थ माहीत नसला तरी चालतं, कारण लिहिलेलं पाहून उच्चार करता येतो. चिनी अक्षराचं तसं नाही. अक्षर अनोळखी असेल तर त्याचा उच्चार काय, हे नुसतं पाहून खात्रीने सांगता येत नाही. कोशाचा मुख्य भाग मात्र उच्चाराप्रमाणे लावलेला असतो. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची 'पिनयिन' नावाची पद्धत १९५८ साली अधिकृत झाली, त्या क्रमाने. म्हणजे उच्चार माहीत असेल तरच अक्षर सापडणार, आणि उच्चार तर कोशातच बघायचा! कुलपाची किल्ली कपाटाच्या आत, तशी गत.

ह्यातून मला सोडवलं शेजारच्या मुलाने. तो दुसरीत होता. आईवडील दिवसभर कामावर, घरी तो आणि त्याच्या आईची आई. तिला तो 'वायफो' म्हणायचा. मला 'आयी' म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकलेच! पण चिनीत 'आयी' म्हणजे मावशी, काकू. शेजारच्या कुठल्याही बाईला मुलं तशीच हाक मारतात.

त्याच्या दप्तरात एक जाडजूड, पण तळहातावर मावेल एवढा कोश असायचा. 'शिन्हुआ झिडियान', म्हणजे 'नव्या चीनचा अक्षरकोश'. त्याची पहिली आवृत्ती १९५३ची. २०१५ सालापर्यंत त्याच्या ५६ कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. शाळेत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक चिनी मुलाच्या हातात तो कधी ना कधी येतो. कोशात अक्षर कसं शोधायचं हे त्याला शाळेत नुकतंच शिकवलेलं होतं, त्यामुळे शिकवायचा उत्साह दांडगा.

त्याने सांगितलेली रीत अशी. अनोळखी अक्षर समोर आलं की आधी त्याच्याकडे नीट बघायचं आणि त्यातला 'बूशौ' ओळखायचा. बूशौ म्हणजे शब्दशः 'विभागाचं डोकं'. बहुतेक अक्षरं दोन-तीन तुकड्यांची बनलेली असतात. त्यातला एक तुकडा हा त्या अक्षराचा घराणेदार, म्हणा ना आडनाव. डावीकडे तीन थेंब असले तर घराणं पाण्याचं. वरती गवताच्या दोन काड्या असल्या तर वनस्पतींचं. औषध ह्या अर्थाच्या अक्षरावरही गवतच आहे, कारण औषध म्हणजे मुळात जडीबुटी. आई ह्या अर्थाच्या 'मा' अक्षरात डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा. घोड्याचा आईशी संबंध नाही, तो फक्त 'मा' हा आवाज पुरवायला आलेला आहे.

बूशौ ओळखला की त्याच्या रेघा मोजायच्या. कोशाच्या सुरुवातीला बूशौंची यादी असते, एक रेघवाले, दोन रेघवाले, तीन रेघवाले अशी. आपला बूशौ सापडला की त्याच्यापुढे एक पान क्रमांक असतो. त्या पानावर त्या घराण्यातली सगळी अक्षरं मांडलेली असतात. आता अक्षराच्या उरलेल्या तुकड्याच्या रेघा मोजायच्या. पाच असतील तर 'पाच रेघा'च्या गटात बघायचं. तिथे अक्षर दिसलं की त्याच्यापुढे दुसरा पान क्रमांक. ते पान उघडलं की अक्षर, त्याचा उच्चार, त्याचे अर्थ. एकूण तीन दारं, प्रत्येक दारावर एक प्रश्न. घराणं कोणतं? उरलं किती? ह्यातलं नेमकं कोण?

पहिल्याच अक्षराला मी अडखळले. तोंड ह्या अर्थाचं अक्षर म्हणजे एक साधा चौकोन. मी म्हटलं, चार रेघा. चार रेघांच्या यादीत काही तो चौकोन मिळेना. मुलाने माझं बोट धरलं आणि हवेत लिहून दाखवलं. डावीकडची उभी रेघ, एक. मग वरची आडवी तशीच वळून उजवीकडून खाली येते, हात न उचलता, दोन. खालची आडवी, तीन. तोंडाच्या रेघा तीन! डोळ्यांना चार बाजू दिसतात, पण हाताला तीनच रेघा लागतात. कोश हाताचं ऐकतो. तिथल्या शाळेत मुलं बोटाने हवेत अक्षर गिरवतात ते का, हे मला तेव्हा कळलं. चुकीच्या वळणाने लिहायची सवय लागलेल्या मुलाला कोशात अक्षरसुद्धा नीट सापडायचं नाही.

मग मला नादच लागला. दुपारी मुलगी झोपली की मी कोश घेऊन बसायचे. पाण्याचं पान उघडायचं आणि नुसतं फिरायचं. तीन थेंबांच्या पुढे तीन रेघा, घाम. पाच रेघा, नदी. तिथेच तीन थेंबांशेजारी डोळा काढलेला, तोही पाच रेघांचा. अर्थ, अश्रू. सहा रेघा, धुणे. सात, समुद्र. नऊ, तळं. नदी शोधायला गेले आणि वाटेत घाम, अश्रू, समुद्र सगळे भेटले. न मागितलेलं हे शिक्षण मला फार आवडलं.

घराणी ओळखण्यात फसगतही होई. चंद्राच्या विभागात गेले तर तिथे यकृत, मेंदू, पाय! हे चंद्राचे कोण? मग समजलं की मांस ह्या अर्थाचं अक्षर दुसऱ्या अक्षराचा तुकडा झालं की हुबेहूब चंद्रासारखं दिसतं, म्हणून आजच्या कोशांत दोघं एकाच घरात राहतात. शरीराचे अवयव चंद्राच्या पत्त्यावर सापडतात ते असे.

ही व्यवस्था काही एका दिवसात झालेली नाही. इसवी सन १००च्या सुमारास शू शेन नावाच्या विद्वानाने ९,३५३ अक्षरं ५४० विभागांत लावली. एवढे विभाग लक्षात ठेवणं सामान्य माणसाला अवघडच. १६१५ साली मेइ यिंगत्सो ह्याने विभाग २१४वर आणले आणि ते रेघांच्या संख्येने लावले. म्हणजे विद्वान नसलेल्यालाही बोटाने मोजून शोधता येऊ लागलं. खांगशी सम्राटाच्या आज्ञेने झालेल्या १७१६च्या मोठ्या कोशाने तेच २१४ विभाग उचलले आणि त्यात ४७ हजारांवर अक्षरं बसवली. आजही कोशाकोशांत थोडा फरक असतो. विचारणे ह्या अर्थाचं अक्षर घ्या. मोठं दार आणि दाराच्या आत तोंड. कुणालाही वाटेल, घराणं दाराचं. पण खांगशी कोशात ते तोंडाखाली आहे, कारण प्रश्न तोंडाने विचारतात. दार फक्त आवाजापुरतं. तसंच दारू. डावीकडे पाण्याचे तीन थेंब आहेत म्हणून तिथे पाण्यात शोधायला जाल तर मिळायची नाही. ती तिथे मद्याच्या भांड्याच्या विभागात आहे! शिन्हुआमध्ये तर शोधायला कठीण अक्षरांची एक वेगळी यादीच असते, एकूण रेघांप्रमाणे लावलेली. घराणं ओळखता आलं नाही तर सगळ्या रेघा मोजा आणि तिकडे जा. चुकणाऱ्यांसाठी कोश करणाऱ्यांनीच मागचं दार ठेवलंय, हे मला शिक्षिका म्हणून फार मोलाचं वाटलं.

आता ती रात्र.

मुलीला दोन दिवस ताप होता आणि तोंडाभोवती पुरळ आलं होतं. दुपारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन लहान तपकिरी बाटल्या दिल्या, हातवारे करून सांगितलं, मी मान डोलावली. मिस्टर कामासाठी परगावी, फोन लागत नव्हता. रात्री दीडला मुलगी रडत उठली. मी बाटल्या हातात घेतल्या आणि थबकले. प्यायची कोणती आणि लावायची कोणती? दोन्ही एकाच आकाराच्या, दोन्हींत पातळ औषध. वासावरून अंदाज बांधायची हिंमत होईना. शेजारचं दार वाजवता आलं असतं. पण आधी म्हटलं, लिहिलेलं तर आहे, बघू तरी. जेवणाच्या टेबलावर कोश उघडला.

पहिल्या बाटलीवर दोन मोठी अक्षरं. त्यातलं एक तोंड. ते आता ओळखीचं होतं. पण तोंडाने घ्यायचं की तोंडावर लावायचं? पुरळ तर तोंडाभोवतीच होतं. दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे चंद्र, चार रेघा. उरलेल्या मी आधी पाच मोजल्या. नाही. पुन्हा हवेत लिहून पाहिलं, चार. सापडलं. पान उघडलं तर पहिला अर्थ, कपडे. तोंडाचे कपडे? खाली वाचत गेले. सेवा करणे. आज्ञा पाळणे. आणि मग, औषध घेणे. तोंडाने घेणे! मी खुर्चीत टेकले.

पण दुसरी बाटली राहिलीच होती. तिच्यावरही दोन अक्षरं. दुसरं 'वापरणे', ते रोज पाहून ठाऊक झालं होतं. पहिलं मात्र नवं. डावा तुकडा चंद्रासारखा वाटला, अर्धवट चंद्र. चंद्राच्या विभागात गेले, नव्हतं. पुन्हा बघितलं. ह्याला आत एकच रेघ आहे, आणि खाली तो मिटत आलाय. मोजलं, तीन. तीन रेघांच्या यादीवर बोट फिरवत गेले आणि तो मिळाला, 'संध्याकाळ' ह्या अर्थाचा बूशौ. चंद्रकोरीवरूनच आलेला. उरल्या रेघा, दोन. पान उघडलं. उच्चार लिहिला होता, 'वाय'.

वाय! मी मोठ्यांदा म्हटलं असेन. वायफोमधला वाय! सहा महिने दिवसातून दहा वेळा ऐकत होते तो शब्द. अर्थ बघितला, बाहेर. बाहेरून वापरण्याचं औषध. आणि खाली शब्दांच्या यादीत वायफोही होती. आईची आई. शब्दशः 'बाहेरची आजी', आपलं आजोळ जसं आपल्या घराबाहेरचं. एका क्षणात बाटलीही कळली आणि शेजारची आजीही.

सकाळी दार वाजवून दोन्ही बाटल्या तिला दाखवल्या. तिने एकीकडे बोट करून घोट घेतल्याची खूण केली, दुसरीकडे बोट करून गालावर चोळल्याची. बरोबर होतं. मुलाने विचारलं, "आयी, शोधायला किती वेळ लागला?" त्यांच्या वर्गात घड्याळ लावून शर्यत होई.

"चाळीस मिनिटं," मी म्हटलं.

तो हसला नाही. मोठ्या माणसासारखा म्हणाला, "मान मान लाय." सावकाश, सावकाश जमेल.

त्याचं ते बोलणं ऐकलं आणि मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. चीनला जाण्याआधीच्या वर्षी तिसरीत होता. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला. दिवाळीनंतर जायचा तो उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचा. घरी गोरमाटी बोलत. एकदा वाचनाला उभा केला, 'विहीर' शब्दावर अडला. बोट शब्दावर, नजर माझ्यावर. मी म्हटलं, "अरे, समोर तर लिहिलंय! बघ ना नीट." वर्ग हसला. तो बसला. पुन्हा वाचायला म्हणून त्याने कधी हात वर केला नाही.

त्याला विहीर माहीत नव्हती का? मधल्या सुट्टीत त्यानेच मुलांना सांगितलं होतं, फडाजवळच्या विहिरीत पाणी किती खोल होतं, दोर किती लागला. विहीर त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. कागदावरच्या त्या तीन अक्षरांशी तिची गाठ पडली नव्हती, एवढंच. वाय माझ्या कानात होताच, बाटलीवरही समोर लिहिलेला होता. तरी मला चाळीस मिनिटं लागली, तीही शांतपणे, कुणी हसत नसताना. 'बघ ना नीट' म्हणणं सोपं आहे. नीट म्हणजे कुठे बघायचं, आधी काय, मग काय, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

परत आले तेव्हा ते कुटुंब दुसरीकडे गेलेलं होतं. त्याची माझी भेट झाली नाही. हे मनाला लागून राहिलंय.

आता वर्गात मी काही साध्या गोष्टी पाळते. मूल शब्दावर अडलं की 'नीट बघ' म्हणत नाही. विचारते, ह्यातलं ओळखीचं काय दिसतंय? एखादं अक्षर, एखादी मात्रा, काहीही चालेल. मग, उरलं काय? मग, असा आवाज असलेला तुला माहीत असलेला शब्द कोणता? त्याच्या घरच्या भाषेतला असला तरी चालेल. कोशाच्या तासाला शब्द सापडला नाही तर 'कुठे शोधलंस?' हा प्रश्न आधी विचारते. द मध्ये ज्ञान शोधणारी, रु मध्ये ऋषी शोधणारी मुलं आळशी नसतात. त्यांचा कान पक्का असतो, फक्त दार वेगळं असतं. त्यात आपल्याकडेही काही कोशांत ज्ञ सगळ्यात शेवटी, तर काहींत ज च्या पोटात. मोठ्यांचंच एकमत नाही, तर मुलांना का बोलायचं? शिन्हुआसारखी 'शोधायला कठीण' शब्दांची यादी आम्ही वर्गात मुलांकडूनच करून घेतली आहे, भिंतीवर लावली आहे. ज्याला जो शब्द सापडायला त्रास झाला तो त्याने लिहायचा, आणि पुढे दार लिहायचं.

हल्ली मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की चिनी अक्षराचा अर्थ येतो. पालक मला म्हणतात, मॅडम, आता कोश कशाला? रात्री दीड वाजता आजारी मूल मांडीवर असेल तर मीही मोबाइलच वापरीन, खोटं कशाला बोलू? पण मोबाइलने मला बाटलीचा अर्थ दिला असता, अक्षराकडे बघायला लावलं नसतं. चंद्र आणि चंद्रकोर ह्यांतला एका रेघेचा फरक मला दिसला तो दोनदा चुकल्यामुळे. तेव्हा पालकांना एवढीच विनंती, आठवड्यातून एकदा तरी मुलाबरोबर कागदी कोश उघडून बसा. शब्द तुम्हाला माहीत असला तरी पटकन सांगू नका. त्याला पानं उलटू द्या, वाटेत दुसरेच शब्द भेटू द्या, चुकू द्या.

ती चौथीतली मुलगी? तिला मी ज च्या पानावर नेलं नाही. म्हटलं, "तू द्न्यान म्हणतेस ते बरोबर आहे. आता फळ्यावर बघ, तो लिहिलाय कसा? पहिलं अक्षर कोणतं दिसतंय?" ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग कोश घेऊन जागेवर गेली. घंटा झाली तरी तिचं बोट पानावरून फिरत होतं. मी मधल्या सुट्टीला निघाले नाही, तिथेच थांबले.